रविवारी सकाळी झेनचे बुश बदलू या

कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून ‘टॉक’ असा आवाज येतो? ब्रेक मारला की स्टिअरिंग हळूच एका बाजूला ओढ घेतं? अक्कलकोट रोडला काळ्या मातीवरचा लाटालाटांचा रस्ता लागला की गाडी पुढून डुलायला लागते? मग चला, बाह्या सरसावा. तुमच्या गाडीचे बुश, म्हणजे पुढच्या सांध्यांतले रबरी तुकडे, गेलेत, आणि ते आपण दोघं मिळून बदलणार आहोत.

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म तुमच्या दारात उभी असेल तर तुम्ही भाग्यवान. बाकी आपल्यासारख्यांची स्पोर्ट्स कार म्हणजे गोल तोंडाची जुनी मारुती झेन. साडेसातशे किलोच्या आसपास वजन, हाताच्या इशाऱ्यावर वळणारी. पण तिची ती चपळाई सगळी रबरावर उभी आहे, आणि सोलापूरच्या उन्हात रबराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून ही कृती झेनची. गाडी दुसरी असेल तर तिचं सर्व्हिस पुस्तक शेजारी उघडून ठेवा. क्रम बहुतेक हाच राहील, नटबोल्टच्या जागा बदलतील.

आधी खरेदी. पुढच्या दोन लोअर आर्मचे दोन बुश. बॅलन्स रॉडच्या दोन टोकांना आर्मच्या अलीकडे-पलीकडे बसणारे चार बुश. तोच रॉड बॉडीला धरणाऱ्या क्लॅम्पचे दोन बुश. दोन नव्या स्प्लिट पिन. दुकानदार म्हणेल, ‘सगळेच पॉलियुरेथेनचे घ्या की, एकदम टाइट होईल गाडी!’ इथे माझं ऐका. आर्मचा बुश चांगल्या कंपनीचा रबरीच घ्या, आणि बॅलन्स रॉडचे घ्या पॉलियुरेथेनचे. झेनचा लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर लटकतो आणि त्याला पुढे-मागे धरून ठेवायचं काम बॅलन्स रॉड करतो. चाक वर-खाली होताना आर्मला थोडं तिरकं व्हावंच लागतं. तिथे दगडासारखा बुश घातलात तर जोर आर्मवर आणि बोल्टवर जातो. रॉडच्या जागी मात्र पॉली घातल्याचा फरक पहिल्याच वळणावर कळतो. पॉली मिळाले नाहीत तर सगळे नवे रबरी घाला. दहा-बारा वर्षांचे चेपलेले बुश काढून नवे रबरी घातले तरी गाडी तरुण होते.

हत्यारं: दहापासून एकोणीसपर्यंतचे रिंग पाने आणि गोट्या, लांब दांडी, टॉर्क पाना (नसेल तर मागून आणा, त्याच्याशिवाय शेवटच्या पायऱ्या करू नका), ट्रॉली जॅक, दोन दणकट जॅक स्टँड, मोठी बेंच व्हाइस, पहार, पक्कड, हातोडी, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, व्हर्निअर, गंज सोडवणारा स्प्रे, सिलिकॉन ग्रीस, बांधायची तार, डोळ्यांना चष्मा. अंथरायला जुनी सोलापुरी चादर. गाडीखाली झोपायला तिच्याइतकं चांगलं काही मिळत नाही. आणि लाकडाचे चार जाड, रुंद ठोकळे. भंगारवाल्याकडे रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे मिळाले तर सोनंच. ते कशाला लागतात ते पुढे कळेल, पण आत्ताच आणून ठेवा.

शनिवारी संध्याकाळी

१. नव्या आर्म बुशचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा. जुन्याचा मोजू नका, तो चेपलेला असतो.

२. ते माप आणि नवा बुश घेऊन एमआयडीसीतल्या एखाद्या लेथवाल्याकडे जा आणि दोन तुकडे करून घ्या: एक भरीव गट्टू, बुशच्या व्यासापेक्षा मिलिमीटरभर बारीक, एक पाइपचा तुकडा, आतून बुश सहज मावेल एवढा. पॉवरलूमचे सुटे भाग घडवणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे चहा येईपर्यंतचा वेळ. नुसतं ‘बुश काढायचंय’ असं सांगू नका, बुश हातात द्या.

३. घरी येऊन गंजाचा स्प्रे मारा: आर्मच्या आतल्या बोल्टवर, बॉल जॉइंटच्या बोल्टवर, रॉडच्या टोकाच्या नटवर, क्लॅम्पच्या बोल्टवर. ब्रेक डिस्कवर थेंबही उडू देऊ नका. उडालाच तर लगेच ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

रविवारी सकाळी

४. भल्या सकाळी, हुतात्मा एक्स्प्रेस सुटायच्या सुमाराला कामाला लागा. अकरानंतर पाना हातात धरवत नाही, आणि घाईत झालेल्या चुका सगळ्या त्या अकरानंतरच्याच असतात.

५. गाडी सपाट, पक्क्या फरशीवर उभी करा. मातीवर नको, उताराच्या पोर्चमध्ये तर नकोच. काळी माती वरून कितीही टणक दिसली तरी स्टँडचा पाय आत घेते.

६. हँडब्रेक ओढा.

७. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी लावा. विटेचा तुकडा उटी म्हणून चालत नाही; तो फुटतो.

८. पुढच्या चाकांचे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. पूर्ण काढू नका, गाडी अजून चाकांवरच आहे.

९. पुढची बाजू जॅकवर उचला. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावा. इंजिनच्या ऑइल चेंबरखाली लावलात तर चेंबर बसेल आणि रविवार तिथेच संपेल.

१०. दोन्ही बाजूंना पुस्तकातल्या जागी स्टँड लावा आणि जॅक हळूहळू सोडून वजन स्टँडवर घ्या.

११. बाजूला उभं राहून गाडी जोरात हलवून पाहा. स्टँड जरा जरी डगमगला तरी पुन्हा पायरी ९ वर जा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जात नाही. तुम्हीही नाही, ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणून तर मुळीच नाही.

१२. पुढची दोन्ही चाकं काढा आणि दोन्ही बाजूंना गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर टेकेल, तुमच्यावर नाही.

१३. मोबाइलने फोटो काढा: दोन्ही बाजूंचे, खालून, समोरून, वॉशरची उलटी-सुलटी बाजू दिसेल असे. कंटाळा करू नका. दुपारी तीन वाजता कोणता वॉशर कुठला ते तुम्हाला आठवणार नाही. मला तर कधीच आठवत नाही.

१४. सगळे नटबोल्ट तारेच्या ब्रशने घासून काढा. आट्यांत माती राहिली तर नट अर्ध्यावर अडकतो आणि आटे घेऊनच बाहेर येतो.

१५. डावीकडून सुरू करा. बॅलन्स रॉडच्या टोकाला कॅसल नटमधून गेलेली स्प्लिट पिन दिसेल. तिचे पाय पक्कडीने सरळ करून ती ओढून काढा. चष्मा लावा; गंजलेली पिन तुटून उडते. जुनी पिन लगेच कचऱ्यात टाका, नाहीतर ती परत वापरायचा मोह होतो.

१६. कॅसल नट खोला. रॉड सोबत फिरत असेल तर स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा. नुसता जोर लावून तो सुटणार नाही.

१७. नट, वॉशर, बुश ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. वॉशर वाटीसारखे असतात आणि उलटे बसवले की नवा बुश महिन्याभरात चिरतो.

१८. उजव्या बाजूला पायरी १५ ते १७ तशाच करा. एकीकडचं काम पूर्ण करून मग दुसरीकडे जाऊ असा विचार करू नका. दोन्ही टोकं मोकळी झाल्याशिवाय रॉड हलत नाही.

१९. बॅलन्स रॉडला मधोमध तारेने आधार बांधा. ही पायरी गाळली तर पुढच्या पायरीला रॉड थेट तोंडावर येतो.

२०. रॉडच्या दोन्ही क्लॅम्पचे बोल्ट खोला आणि क्लॅम्प काढून घ्या. बोल्ट कुरकुरला तर पाव फेरा मागे, अर्धा पुढे, असं करत काढा. इथे बोल्ट तुटला तर बॉडीतले आटे नव्याने पाडून घ्यावे लागतात.

२१. पुन्हा डावीकडे या. बॉल जॉइंटची खिट्टी नकलमध्ये जिथे शिरते तिथे एक आडवा बोल्ट आहे. त्याचा नट काढा आणि बोल्ट पूर्ण बाहेर ओढा. नुसता सैल करून भागत नाही: खिट्टीला खाच आहे आणि बोल्ट त्या खाचेत बसलेला असतो. बोल्ट आत ठेवून पहार मारत बसलेले मी खूप पाहिलेत.

२२. वरचा स्ट्रट आणि नकल तारेने आतल्या बाजूला बांधून टाका. नकल बाहेर लोंबकळली तर ड्राइव्ह शाफ्ट आतून निसटतो, आणि मग बुशचं काम गिअर ऑइलचं काम होऊन बसतं.

२३. पहार आर्मवर टेकवून आर्म सावकाश खाली दाबा. खिट्टी नकलमधून सुटेल. पहारेचं टोक बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला लागू देऊ नका. अडलं तर नकलच्या फटीत स्प्रे मारा आणि थांबा.

२४. आर्मच्या आतल्या टोकाचा बोल्ट खोला. तो कोणत्या बाजूने घातलेला होता ते फोटोत नीट दिसतंय ना, ते बघून मगच बाहेर काढा.

२५. आर्म रॉडच्या टोकावरून ओढून बाहेर काढा. रॉडच्या बाजूचा वॉशर आणि बुश मागे रॉडवरच राहिले असतील तर तेही काढून तारेत ओवा.

२६. आर्मवर खडूने ‘डावा’ लिहा. वर-खाली कळावं म्हणून एक बाणही काढा.

२७. उजवा आर्म पायरी २१ ते २६ प्रमाणेच काढा.

इथे चहा घ्या. खरंच घ्या. अवघड भाग आता सुरू होतोय, आणि तो सावलीत, टेबलावर करायचा आहे.

टेबलावर

२८. आधी बॉल जॉइंट हाताने फिरवून बघा. जड फिरला पाहिजे. लटलट हलत असेल किंवा टोपी फाटली असेल तर थांबा आणि अख्खा नवा आर्मच आणा. त्यात बुश बसवलेलाच येतो. मेलेल्या बॉल जॉइंटच्या आर्ममध्ये नवा बुश घालणं म्हणजे फाटक्या सदऱ्याला नवी बटणं.

२९. आर्मला कुठे तडा आहे का, कान वाकलाय का, तेही पाहून घ्या. संशय आला तरी बदला.

३०. जुन्या बुशची बाहेर आलेली रबरी कड धारदार सुरीने कापून टाका. पातं स्वतःकडे ओढू नका.

३१. व्हाइसच्या एका जबड्याला पाइपचा तुकडा, मध्ये आर्मचं भोक, दुसऱ्या जबड्याला गट्टू, असं तिन्ही सरळ रेषेत धरा. इथे दोघं लागतातच. शेजाऱ्याला बोलवा.

३२. व्हाइस आवळत जा, जुना बुश पाइपमध्ये निघून येईल. तोल तिरका झाला की लगेच सोडा आणि पुन्हा सरळ धरा. व्हाइस छोटी असेल तर उगाच दांडीला पाइप लावून तोडू नका. प्रेस असलेल्या गॅरेजात दोन्ही आर्म घेऊन जा. पण तिथे उभं राहा. एका ठिकाणी माझ्या देखत कारागिराने गॅस कटर पेटवून बुश जाळायला घेतला होता. रबर जळालं, बुश निघाला, आणि त्या आचेने शेजारची बॉल जॉइंटची टोपीही वितळली. बुशला आग लावायची नाही, कुणी कितीही ‘पाच मिनिटांत काढतो’ म्हणालं तरी.

३३. भोकात डोकावून बघा. रबर निघालं आणि पातळ लोखंडी नळी आतच राहिली असेल तर हॅक्सॉचं नुसतं पातं आत घालून तिला एक चीर पाडा. करवतीचा आवाज बदलला की थांबा. आर्मच्या धातूला धार लागली तर तिथूनच पुढे तडा जातो. नळी नसेल, नुसतंच रबर असेल, तर ही पायरी सोडा.

३४. भोक आतून पॉलिश पेपरने साफ करा, बोटाला गंज लागणार नाही इतपत. चकचकीत करत बसू नका. मोठं झालेलं भोक परत लहान होत नाही.

३५. एका वाटीत साबणाचं पाणी करा, आंघोळीचा साबण चालतो. ते नव्या बुशला बाहेरून आणि भोकाला आतून चोळा. तेल, ग्रीस, डिझेल यातलं काहीही रबराला लावायचं नाही. आत्ता सरकन बसेल, पण तेलाने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत सैल होतं.

३६. बुश भोकाच्या तोंडावर ठेवून अंगठ्याने दाबा आणि चारही बाजूंनी बघा. तिरका दिसला तर काढून पुन्हा ठेवा. सुरुवात सरळ झाली की निम्मं काम झालं.

३७. व्हाइसमध्ये धरून बुश आत सरकवा, थांबत थांबत. सुरुवातीला साबणाचा फेस कडेने बाहेर येतो, मग बुश एकदम ‘चुक्’ करून पुढे सरकतो. त्या आवाजाला दचकून व्हाइस सोडू नका, पण त्यानंतर प्रत्येक पाव फेऱ्याला नजर टाका.

३८. व्हर्निअरने दोन्ही बाजूंना बुश किती बाहेर आहे ते मोजा. दोन्हीकडे सारखा हवा. एका बाजूला जास्त असेल तर तिकडून हलकेच परत दाबा. डोळ्याच्या अंदाजावर सोडू नका. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण आर्मचा कान बॉडीतल्या कंसात बसेनासा होतो.

३९. आर्म साध्या पाण्याने धुवा आणि फडक्याने कोरडा करा.

४०. दुसरा आर्म असाच करा. पहिल्याला तास लागला असेल तर दुसऱ्याला वीस मिनिटं.

४१. आता बॅलन्स रॉड. क्लॅम्पचे जुने बुश काढा आणि ते जिथे बसत होते तिथे रॉड पॉलिश पेपरने घासा, हात फिरवून गुळगुळीत लागेपर्यंत. पॉली बुशखाली गंज राहिला तर गाडी उंदरासारखी चूं-चूं करते, आणि तो आवाज शोधता शोधता माणूस वेडा होतो.

४२. पॉली बुशच्या आतल्या बाजूला सिलिकॉन ग्रीसचा सढळ थर द्या. बेअरिंगच्या डब्यातलं पिवळं ग्रीस नको.

४३. बुश चिरेतून उघडून रॉडवर चढवा, चीर फोटोत होती त्याच दिशेला ठेवून.

जेवण करायचं असेल तर आत्ता. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. पण उठायच्या आधी शेजाऱ्याच्या पोरांना गाडीपासून लांब राहायला सांगा.

परत बसवताना

४४. रॉडच्या डाव्या टोकावर आधी वॉशर, मग बुश, असं तारेतल्या क्रमाने घाला. बुश पॉलीचा असेल तर त्यालाही सिलिकॉन ग्रीस.

४५. डावा आर्म रॉडवर चढवा. खडूचा बाण वर.

४६. आर्मचं आतलं टोक कंसात बसवून बोल्ट घाला, जुन्याच दिशेने, आणि नट फक्त हाताने लावा. पाना उचलू नका. का, ते पायरी ५६ ला.

४७. बॉल जॉइंटची खिट्टी नकलमध्ये खालून वर पूर्ण सरकवा.

४८. आडवा बोल्ट घाला. हाताने सहज आरपार गेला पाहिजे. अडतोय म्हणजे खिट्टी पूर्ण वर गेलेली नाही. हातोडीने बोल्ट ठोकलात तर खाच बिघडते.

४९. त्याचा नट पुस्तकातल्या टॉर्कला आवळा. हा एकच बोल्ट आत्ता, चाक हवेत असताना, पक्का आवळायचा.

५०. आर्मच्या पलीकडचा बुश, वॉशर आणि कॅसल नट रॉडच्या टोकावर चढवा, चार-पाच आटे, हातानेच.

५१. उजवी बाजू पायरी ४४ ते ५० प्रमाणे लावा.

५२. क्लॅम्प जागेवर धरून बोल्ट हाताने लावा. चारही आट्यांत शिरल्याशिवाय एकही आवळू नका, नाहीतर चौथा कधीच जुळत नाही.

५३. बांधलेल्या सगळ्या तारा सोडा. मोजून सोडा; जितक्या बांधल्या तितक्या हातात आल्या पाहिजेत.

५४. चाकं लावा आणि नट बऱ्यापैकी आवळा.

५५. जॅकने पुढचा भाग उचला, स्टँड काढा, दोन्ही पुढच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवा आणि गाडी त्यांवर उतरवा. दोन्हीकडे उंची सारखी, ठोकळा टायरपेक्षा रुंद. मग स्टँड पुन्हा कडेखाली उभे करा, गाडीला न टेकता, बोटभर खाली. विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात चालणार नाहीत. ओळखीच्या सर्व्हिस स्टेशनला पिट असेल आणि ते जवळ असेल तर गाडी उचलून तिकडे नेता येईल, पण सैल बोल्टांवर चालवत नेऊ नका.

५६. बॉनेटच्या कडेला धरून पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडा. आता गाडीचं वजन चाकांवर आहे आणि आर्म रस्त्यावर असतो तसा उभा आहे. रबरी बुश ज्या अवस्थेत आवळला जातो तीच अवस्था तो सरळ धरतो. चाक हवेत लोंबत असताना आवळलात तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो आणि कायम पिळलेलाच राहतो. माझ्या पहिल्या झेनला मी हेच केलं होतं. एवढ्या मेहनतीने घातलेले बुश एका पावसाळ्यात फाटले, आणि मी वर्षभर बुशच्या कंपनीला शिव्या देत होतो.

५७. गाडीखाली जा आणि आर्मच्या आतल्या बोल्टला पुस्तकातला टॉर्क द्या. दोन्ही बाजू.

५८. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्कला आवळा, आळीपाळीने, थोडं इकडे थोडं तिकडे.

५९. दोन्ही कॅसल नट टॉर्कला आवळा.

६०. नटची खाच आणि रॉडचं भोक जुळतंय का पाहा. जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळा. पिन घालण्यासाठी नट मागे सोडायचा नाही.

६१. नवी स्प्लिट पिन घाला आणि पाय वाकवा. तार, खिळा, बायकोच्या केसांचा आकडा हे सगळे प्रकार मी लोकांच्या गाड्यांखाली पाहिलेत. पिन दोन-चार रुपयांची वस्तू आहे हो.

६२. स्टँड काढा, गाडी जॅकवर घेऊन ठोकळे काढा आणि चाकं जमिनीवर टेकवा.

६३. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्कला आवळा.

६४. हत्यारं मोजून पेटीत ठेवा. एखादी गोटी कमी भरली तर ती गाडीखालीच कुठेतरी अडकलेली आहे. ती सापडल्याशिवाय चावी फिरवू नका.

रस्त्यावर

६५. कॉलनीतच दहाच्या वेगाने दोनदा ब्रेक मारा. खडखड ऐकू आली तर तिथेच थांबा आणि पायरी ५७ पासून तपासा.

६६. मग सकाळी ज्या स्पीडब्रेकरवर ‘टॉक’ व्हायचं तिथूनच जा, काचा खाली करून. आता नुसता टायरचा ‘धप्’ आला पाहिजे.

६७. गर्दी नसेल तेव्हा विजापूर रोडला एक फेरी मारा. चाळीसच्या पुढे जाऊ नका, अलाइनमेंट अजून बाकी आहे. स्टिअरिंग थोडं वाकडं दिसलं तर घाबरू नका, बुश बदलल्यावर तसं होतं.

६८. सोमवारी व्हील अलाइनमेंट करून घ्या. ‘चार दिवस चालवून मग बघू’ म्हणालात तर त्या चार दिवसांत टायर आतून खाल्ला जातो. अलाइनमेंटवाल्याला बुश बदलल्याचं आधी सांगा, म्हणजे तो जुन्या मापावर भरवसा ठेवणार नाही.

६९. पाचशे किलोमीटर झाले की गाडी पुन्हा ठोकळ्यांवर घ्या आणि आर्मचे व क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. कॅसल नटला हात लावू नका. पिन जागेवर आहे ना, एवढंच बघा.